रंजीताचा नवा नंबर

मंगरूळपीरच्या तहसीलच्या गेटाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, मी तेवीस वर्षांपासून लोकांचे अर्ज लिहितो. जगदेव अर्जनवीस म्हंटलं की चहावाला बी तुमाले हात धरून माह्या टेबलापाशी आणून सोडन. पह्यले टाइपरायटर होतं, आता लॅपटॉप अन् प्रिंटर हाय, पण धंदा तोच. लोक म्हणतात, जगदेव, तुह्या हाताले यश हाय. हाताले काही नाही बाप्पा. यश हाय ते सुराले. साहेब मजकूर मागून वाचतो, सूर आधी वाचतो.

माणूस येतो तापून. म्हणतो, लिहा, माह्या वहिवाटीच्या रस्त्यावर शेजाऱ्यानं काटे टाकले, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करा. मी लिहितो, 'सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो.' वाचून दाखोलं की त्याचं तोंड उतरते. हे त माह्यं नाहीच, म्हणतो. मी म्हणतो, तुह्यं नाही म्हणूनच काम होईन. अन् होते बी. अर्ज नरम लिहाचा, तक्रार असली तरी विनंती म्हणून लिहाची, अन् खाली 'आपला नम्र' टाकाचं, हे मी निम्म्या तालुक्याले शिकोलं.

हे आधीच सांगून ठेवतो, काहून की पुढं जे झालं ते ह्याच हुशारीनं झालं. ऐकाले काही बरं नाही.

नानीबाई शेलूबाजारच्या अलीकडच्या एका तांड्यावरची. बाजाराच्या दिवशी जीपनं मंगरूळले येते, गावरान अंडे विकते, अन् उन्हं चढली की माह्या टेबलापाशी येऊन बसते. वय साठीच्या पुढं, अंगानं काटक, पण कानानं पुरी गेलेली. तिच्या उजव्या कानाले तोंड लावून वरडलं त अर्धं ऐकू येते. नवरा कवाचाच गेला. मांगं एकच पोरगी, रंजीता. दहावी शिकलेली. दोन वर्षांखाली तिचं लग्न झालं, जवाई अमरदीप, बारावी पास, बोलाले गोड. दिवाळी झाली अन् दोघं ऊसतोडीले गेले, चारशे किलोमीटर लांब. तांड्याची टोळी सोडून गुलाबसिंग नावाच्या दुसऱ्याच मुकादमासंग गेले. त्या टोळीत नानीबाईच्या वळखीचं कोणीच नव्हतं.

जाताना पोरीनं मायले एक मोबाइल देऊन ठेवला. पण बहिऱ्या माणसाले फोन काय कामाचा? अन् तांड्यावर नेट धरत नाही. म्हणून रंजीता व्हॉट्सॲपवर लिहून पाठवे. नानीबाई मंगरूळले आली की मोबाइल टुंग टुंग करे, अन् ती तो माह्या हातात देऊन म्हणे, "वाचा भाऊ, काय म्हणते माही पोट्टी."

रंजीता कसं लिहे ते सांगतो. "याडी, गुडघ्याले तेल लावलं का? नाही लावलं असन, मले माहीत हाय. बकरीच्या मांगं धावून धावून मरशीन एक दिवस. काळी बकरी गाभण हाय का? शेजारीण भांडली का? तू काय म्हंटलं तिले? सगळं सांग, लपवू नको." याडी म्हणजे आई, बंजारा लोकायच्या बोलीत. सगळा मेसेज असाच. प्रश्नावर प्रश्न, अन् मधात शिव्या.

आता तुमीच सांगा. तहसीलचं गेट, दाखल्यासाठी पन्नास लोक रांगेत उभे, अन् मी म्हातारीच्या कानात बोंबलू का, 'मरशीन एक दिवस' म्हणून? लोक माह्याकडे पाहातीन. माह्या धंद्याले ते शोभत नव्हतं. मी वरडो, "आई, तब्येतीले जप. गुडघ्याले तेल लावत जा. बकरीची खुशाली कळव." संपलं. मतलब तोच ना? मतलबात मी काडीचा फरक केला नाही.

नानीबाई मान हलवे. एकडाव मात्र म्हणाली, "घरी होती तवा लय भांडे माह्यासंग. तिथी गेली त परक्यावानी बोलून राह्यली." मी म्हंटलं, लिहिताना माणूस असंच लिहिते बाई. तिले ते पटलं. माह्यावर भरोसाच तेवढा होता.

उत्तर बी मीच लिहो. ती म्हणे, "तिले लिहा, तुह्या तोंडाले आग लागो, तूच जेवत जा वेळेवर." मी लिहो, "चि. रंजीता हिस आईचा आशीर्वाद. आम्ही येथे सर्व खुशाल आहोत. प्रकृतीस जपावे. तुमची खुशाली कळवावी." पोट्टी हुशार. तिनं दुसऱ्याच महिन्यात वळखलं. तिचा मेसेज आला, "याडी, थ्या अर्जनवीसाले म्हणा, जसं लिहिलं तसं वाचत जा, लय शहाणपणा करू नको." ती वळ मी वाचलीच नाही. मनातून राग आला होता. कालची पोरगी मले शिकवते, म्हंटलं.

संक्रांत होऊन चारपाच दिवस झाले असतीन, तवा नव्या नंबरवरून मेसेज आला. "मी रंजीता. जुना मोबाइल फुटला. हा नवीन नंबर." एवढंच. मी नानीबाईले वाचून दाखोलं अन् नेहमीसारखं चार वळींचं उत्तर धाडलं. पुढच्या बाजाराले पाह्यतो त काय, मेसेज असा: "आईस सादर नमस्कार. आम्ही येथे सर्व खुशाल आहोत. कामाच्या गडबडीमुळे फोन करता येणार नाही. प्रकृतीस जपावे."

खरं सांगतो, माही छाती फुगली. शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकणारा मदनसिंग बसतो, त्याले मी तो मेसेज दाखोला. म्हंटलं, पाह्य, वळण लागलं पोरीले. माह्ये पत्र वाचून वाचून लागलं. मदनसिंगनं पाह्यलं, अन् म्हणे, चांगलं हाय, पण हे त तुह्यंच पत्र दिसते. मी हासलो. मले ती माही तारीफ वाटली, अन् मी त्याले चहा पाजला.

त्या दिवशी पह्यल्यांदा मी नानीबाईले एक बी शब्द न बदलवता वाचून दाखोलं. तिले काही फरक कळला नाही. कसा कळन? ती त दिवाळीपासून असंच ऐकत आली होती.

त्याच्या पुढचा बाजार. काळ्या बकरीले दोन पाठी, म्हणजे मादी पिल्लं, झाल्या होत्या. बकरी रंजीताची, लग्नाआधीपासून पोसलेली. नानीबाई हरखून गेली होती, म्हणे, एक पुरी काळी अन् एकीच्या कपाळावर पांढरा टिक्का, लिहा तिले. मी तिथीच टेबलावरून लिहिलं. ती बाजार करून परत आली तवर उत्तर येऊन पडलं होतं. "बकरीबाबत वाचून आनंद झाला. आपण योग्य ती काळजी घ्यावी. आम्ही खुशाल आहोत. इकडे येण्याची तसदी घेऊ नये."

मी म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं अन् तसाच थांबलो. यायची गोष्ट काढली कोणी होती?

अन् मंग मले तो सूर सापडला. तेवीस वर्षं झाले, मी अर्ज धाडतो अन् उत्तरं पाहातो. ज्या साहेबाले काम कराचं नसते, अन् नाही बी म्हणाचं नसते, तो असंच लिहिते. अर्ज मिळाला, योग्य ती कार्यवाही करू, पुन्हा येऊ नये. त्याले तुमची बाब निकाली काढाची असते बस. त्यात राग नसते, लोभ नसते, अन् प्रश्न त नसतेच. मी मांगचे सगळे मेसेज वर सरकवून पाह्यले. नवा नंबर आल्यापासून एक प्रश्न नव्हता. ज्या पोरीले शेजारणीनं कोणती शिवी देली ते बी पाह्यजे होतं, ती बकरीच्या पाठी कोणत्या रंगाच्या हे विचारत नाही. मंग हे लिहून कोण राह्यलं? अन् रंजीता कुठी हाय?

नानीबाई माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. मी वरडलो, "खुशाल हाय. आनंद झाला म्हणते."

काहून असं केलं, विचारा. सांगाले गेलो त सगळंच सांगा लागलं असतं. म्हातारीनं विचारलं असतं, सूर बदलला हे तुमाले कसं कळलं? मंग म्हणा लागलं असतं, बाई, तुह्या पोरीचा खरा सूर तुह्या कानापर्यंत मी कवा येऊच देला नाही. इतक्या लोकांत. तहसीलच्या गेटात. मले ते झालं नाही. मी स्वतःची समजूत घातली की थकली असन पोरगी, ऊस तोडून माणूस मुका होते.

नंबरावर मी तीनदा फोन लावला. वाजे, वाजे, अन् कट होये. मंग एक पारख करून पाह्यली. नानीबाईले न सांगता लिहिलं, "तुझी आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आहे. सरकारी दवाखान्यात भरती आहे. सारखी तुझे नाव घेते." माह्या मनात होतं, रंजीता असन त आता गप बसणार नाही. भांडन, रडन, मले शिव्या देईन, रातच्या गाडीनं निघन. दोन दिवस काहीच नाही आलं. तिसऱ्या दिवशी माह्याच मोबाइलवर, मी ज्याच्यावरून लिहिलं होतं, उत्तर आलं. "वाचून वाईट वाटले. योग्य उपचार घ्यावेत. येणे शक्य होणार नाही. आम्ही खुशाल आहोत."

मी घरी जेवलो नाही. बायकोनं काय झालं विचारलं, म्हंटलं पोट दुखते. तरी पुढचे दोन बाजार मी तसेच जाऊ देले. म्हातारी येये, मेसेज नसे, मी म्हणो गडबडीत असन, अन् ती जाये. माह्याइतका भेकड माणूस साऱ्या तालुक्यात नसन.

तिसऱ्या बाजाराले मले राहवलं नाही. नानीबाईले टेबलावरून उठोलं, लिंबाच्या मांगं, भिंतीपाशी नेलं. म्हंटलं, बाई, दिवाळीपासूनचे मेसेज मी पुन्हा वाचतो. आता जसे हाय तसे वाचतो. अन् तिच्या कानात मी रंजीताच्या सुरात वरडलो. "याडी, नाही लावलं असन तेल, मले माहीत हाय! मरशीन एक दिवस!"

म्हातारी हासली. लहान पोरीवानी तोंडावर पदर धरून हासली. म्हणे, "हे माही रंजी हाय." पुढं वाचा म्हणे, अन् मी वाचत गेलो. दाखल्याच्या रांगेतले लोक मान वळवून पाहाले लागले, मी थांबलो नाही. अर्जनवीसाले शहाणपणा करू नको म्हणा, ते बी वाचलं. तिचं हासणं हळूहळू कमी झालं. नव्या नंबरावर आलो. सादर नमस्कार. खुशाल आहोत. तसदी घेऊ नये. तवर तिच्या तोंडावर काहीच उरलं नव्हतं.

"हे माह्या पोरीचं नाही," ती म्हणाली. मंग माह्याकडे पाह्यलं. "तुमाले कवापासून माहीत हाय?"

मी तीन बोटं दाखोली. तीन बाजार. तिनं मोबाइल माह्या हातातून काढून घेतला अन् ठाण्याच्या वाटेले लागली. मी मांगं पळत गेलो. ठाणेदार भला माणूस. त्यानं दोघायचं ऐकून घेतलं, त्याच तासाले तिकडच्या पोलिसाले फोन लावला, नंबर देला, मुकादमाचं नाव देलं. संध्याकाळच्या आत तिकडचे पोलिस उसाच्या फडावर पोचले.

रंजीता जित्ती होती. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पोत्यावर निजवलेली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भरल्या ट्रॅक्टरचं चाक तिच्या पायावरून गेलं होतं, हातातला मोबाइल बी त्यातच फुटला. दवाखान्यात नेली त पोलिस केस होईन, ट्रॅक्टर अडकन, म्हणून गुलाबसिंगनं तिले हलवू देलं नाही. एका वैदूकडून पाय बांधून घेतला अन् अमरदीपले सांगतलं, बायकोच्या माहेरचं कोणी इथी आलं नाही पाह्यजे. पाय आतून सडत गेला. पोलिसायनं तिले दवाखान्यात नेलं तवा ताप डोक्यात चढला होता.

नानीबाई अन् हेमला नावाचा तिचा दीर, दोघं जीप करून निघाले. ते पोचाच्या दोन घंटे आधी रंजीता गेली. डॉक्टर हेमलाले म्हणाला, पंधरा दिवस आधी आणली असती त पाय गेला असता, पोरगी राह्यली असती. मी मनात हिशेब केला. तीन बाजार म्हणजे एकवीस दिवस होतात.

अमरदीपनं जबाबात सगळं कबूल केलं. रंजीता रोज म्हणे, याडीले लिही, माहा पाय पाह्य म्हणा, मले घेऊन जा म्हणा. हा समोर बसून मोबाइलवर लिहे अन् तिले म्हणे, लिहिलं. पोलिसानं विचारलं, असं साहेबावानी लिहाले कुठी शिकला? तो म्हणे, तिकडून जसं येये तसंच लिहीत गेलो, सोपं पडे. ठाणेदारानं हे मले ठाण्यात बलावून, वाचून दाखोलं. वाचून झाल्यावर त्यानं कागद घडी करून ठेवला अन् पाणी पाजलं.

तेरवी झाली. पुढच्या बाजाराले मी टेबल लावलं, पण काम करवत नव्हतं. वाटलं होतं, आता काही ती येत नाही. उन्हं चढली अन् नानीबाई आली, समोरच्या बाकड्यावर बसली. आधीपेक्षा अर्धी झाली होती. मी काही म्हणाच्या आधीच म्हणाली, "अर्ज लिहा. वाशीमच्या मोठ्या साहेबाले."

मी लॅपटॉप उघडला. तिनं सांगतलं, मी लिहीत गेलो. तिचेच शब्द, तिच्याच तोंडचे. गुलाबसिंगनं माह्या पोरीले कोपीत सडवलं. अमरदीपनं तिच्या नावानं खोटं लिहिलं. मी 'विनंती' लिहिलं नाही, 'निदर्शनास' लिहिलं नाही. मंग ती थांबली.

"आता तुमचं नाव टाका," म्हणाली. "तुमी माही पोरगी मले कवा ऐकू देली नाही. म्हणून मले खोटी वळखू आली नाही. अन् तुमाले वळखू आली, त तुमी गप राह्यले. हे लिहा."

माह्याच हातानं. मी माह्यं पुरं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, धंदा लिहिला. 'यांस सदर बाब एकवीस दिवस आधीपासून माहीत होती,' इथवर बोटं बरोबर चालली. पुढं थांबली. मले एक शब्द आठोला, 'अनवधानाने'. लय कामाचा शब्द हाय. तो एक शब्द घातला त पुरा सूर बदलते, माणूस गुन्हेगाराचा भोळा होते. म्हातारीले वाचता येत नाही. तिच्या कानात मी वरडन ते तिच्यासाठी लिहिलेलं. मी तो शब्द टाइप केला. खोटं काहून बोलू, केला. प्रिंट काढली अन् वाचून दाखवाले तिच्या कानाशी वाकलो.

नानीबाईनं माह्या हातातून कागद घेतला. रांगेत एक पोरगी उभी होती, कॉलेजची, मदनसिंगकडे स्टॅम्प घ्याले नेहमी येणारी वर्षाराणी. म्हातारीनं तिले हात करून बलावलं अन् म्हणाली, "बाई, तू वाच. हे माणूस नको."

वर्षाराणीनं कागद धरला अन् तिच्या कानात मोठ्यानं वाचू लागली, जसं छापलं होतं तसं, एकेक शब्द. सारी रांग ऐकून राह्यली होती. गुलाबसिंग आला, अमरदीप आला, माह्यं नाव आलं. 'अनवधानाने' आलं तवा नानीबाईनं हात वर केला.

"ह्याचा मतलब काय होते?" तिनं पोरीले विचारलं.

वर्षाराणी अडखळली. माह्याकडे पाह्यलं. मंग म्हातारीच्या कानात वरडली, "म्हणजे, चुकून झालं. मुद्दाम नाही केलं, असं."

नानीबाईनं माह्याकडे पाह्यलं. डोळ्यात राग नव्हता, रागाचंच बरं वाटलं असतं. तिनं माह्या टेबलावरचा पेन उचलला अन् माह्यापुढं धरला. मी तो शब्द खोडला. खोडलेल्या जागेवर काय लिहाचं ते तिनं सांगतलं नाही. मीच लिहिलं, 'लाजेपायी.' वर्षाराणीनं तेवढी वळ पुन्हा वाचून दाखोली. मंग नानीबाईनं अंगठा शाईत बुडवला अन् कागदावर ठेवला.